नऊ इंच मासे

‘‘माशांना जागा पुरंल का म्हणून आठ दिस झालं मोजताय तुमी,’’ लीला म्हणाली. ‘‘माज्या जयाला किती लागंल, त्ये बी येकदा मोजा.’’

ती भांडणाच्या सुरात बोलली नव्हती. चुलीवरून तवा उतरवता उतरवता, भाकरी वाढू का असं विचारावं तशा आवाजात बोलली आणि तवा भिंतीला टेकवून पुन्हा पाठमोरी झाली. वाल्मीक कंधारे पुढच्या खोलीत टेबलापाशी बसला होता. टेबलावर काचेची टाकी होती, रिकामी, तळाला धुतलेली वाळू पसरलेली. त्याच्या हातात फूटपट्टी होती आणि ती टाकीच्या काठावर आडवी धरलेली होती. ती तशीच धरून तो थोडा वेळ बसून राहिला. उचलावी तर तिचं बोलणं लागलं असं दिसेल, आणि मोजत राहावं तर काय मोजायचं तेच आठवेना. शेवटी तिनं ‘ताट घेतलंय’ म्हणून सांगितलं तेव्हा तो उठला. भाजीत मीठ कमी होतं. त्यानं मागितलं नाही.

टाकी आली ती साहेबांची बदली झाली म्हणून. धरणाच्या वसाहतीतले ते साहेब दक्षिणेकडे कुठंतरी गेले. जाताना काचेची टाकी ट्रकमध्ये टिकणार नाही म्हणून त्यांनी ती वाल्मीकला देऊन टाकली. मासे आधीच मेले होते. वाल्मीकलाच का दिली, हे त्याला कळत होतं. धरणाच्या भिंतीवरची पाण्याची पातळी रोज सकाळ-संध्याकाळ वाचून वहीत लिहिणं हे त्याचं काम, आणि बारा वर्षांत त्याच्या वहीत एक खाडाखोड नव्हती. पानशेत फुटल्यापासून तर वरची माणसं आकड्यांना फार जपू लागली होती. अशा माणसाच्या हाती काच सुरक्षित राहील असं साहेबांना वाटलं असणार. लोखंडी पट्ट्यांची चौकट, सांध्यांना काच बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, तळाला दगडी फरशी. आतून अठरा इंच लांब, दहा इंच रुंद, बारा इंच उंच. त्यानं ती घासून धुतली, पाणी भरून दोन दिवस गळते का ते पाहिलं, एका कोपऱ्यात गळत होती तिथली लांबी खरवडून नवी भरली. मग तो रजा घेऊन पुण्याला गेला आणि कॅम्पात पक्षी-मासे विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारून आला की, एवढ्या टाकीत किती मासे ठेवता येतील.

म्हातारा म्हणाला होता, खोली बघू नका, पाण्याचं तोंड बघा. हवा पाण्यात शिरते ती वरून. विहिरीसारखी खोल टाकी केली म्हणून मासे जास्त मावत नाहीत. वरचं वीस चौरस इंच पाणी एक इंच माशाला पुरतं, शेपूट सोडून. वाल्मीकनं तिथंच मनात हिशेब केला. अठरा गुणिले दहा, एकशे ऐंशी, भागिले वीस. नऊ. नऊ इंच मासे. म्हातारा हसला आणि म्हणाला, हां, पण मासा आज केवढा आहे ते धरायचं नाही, वाढून केवढा होईल ते धरायचं. त्या दिवशी वाल्मीक मासे न घेताच परतला. एसटीत खिडकीशी बसून तो सारखा त्या नऊ इंचांची वाटणी करत होता. सोनेरी मासे घेतले तर ते वाढून चार इंचांवर जातात, म्हणजे दोनच. काळे मॉली घेतले तर दीड-दीड इंचाचे सहा. गप्पी घेतले तर आठ-नऊ. पण उन्हाळ्यात पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात हवा कमी मुरते, म्हणजे नवातले दोन इंच हाताशी राखून ठेवायला हवेत. मग उरले सात. सातात मॉली बसतात चार, एक इंच वाया. तो इंच वाया जातो याची त्याला खरोखर हळहळ वाटली होती. आठ दिवस तो या चार आणि सहाच्या मध्ये हिंडत होता, आणि त्यात त्याला एक प्रकारचं सुख होतं हे त्याला आता, मीठ कमी असलेली भाजी खाताना, कबूल करावं लागलं.

कारण जयाचा प्रश्न त्यानं एका वाक्यात मिटवला होता. दोन वर्षांपूर्वी. लीला तेव्हा कोळवणला आईकडे होती. तिचा पहिला नवरा भातकापणीत विळा लागून धनुर्वातानं गेला. सासरच्यांनी तिला आणि पोरीला, जयाला, माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. वाल्मीकची पहिली बायकोही क्षयानं गेलेली, मूलबाळ नाही. कुणीतरी मध्ये पडलं, बोलणी झाली, पाट लावायचं ठरलं. ओसरीवर बसलेल्या चार माणसांत त्यानं सांगितलं होतं की, क्वार्टर दोन खोल्यांचं आहे, तेव्हा मुलगी सध्या आजीकडेच राहू दे. ‘सध्या’ हा शब्द त्यानं मुद्दाम घातला होता, ऐकायला बरा वाटावा म्हणून. कुणी काही म्हटलं नाही. दुसऱ्या नवऱ्याच्या घरी पहिल्याची पोर नेत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊकच होतं, त्यानं तर उलट जागेचं कारण देऊन गोष्ट सौम्य केली होती. लीला आत होती. तिनं ते ऐकलं की नाही हे त्यानं कधी विचारलं नाही. दारामागं एक पाच वर्षांची मुलगी पितळी फुलपात्र दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. पाणी त्याच्यासाठीच होतं, पण ती पुढं आली नाही. शेवटी कुणीतरी तिच्या हातातून फुलपात्र घेतलं आणि त्याला दिलं. त्या पोरीच्या डोळ्यांत राग वगैरे काही नव्हता. ती नुसती बघत होती, नवं जनावर गोठ्यात आलं की बघतात तशी.

आता दोन वर्षं झाली. लीला दर सणाला दोन दिवस कोळवणला जाऊन येई. आली की एक दिवस गप्प असे, मग पुन्हा घरात मिसळून जाई. त्या एका दिवसात तो तिला काही विचारत नसे. याला तो समजूतदारपणा समजत होता.

आणि जागा नव्हती असं तरी कुठं होतं? बायको आतल्या खोलीत असताना ही पुढची खोली सबंध रिकामी असे. एक टेबल, एक खुर्ची, खुंटीवर त्याचा कोट, कोपऱ्यात छत्री. संध्याकाळची नोंद करून आला की तो या खोलीत येऊन बसे आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत कुणी नाही, याचंच त्याला बरं वाटे. हे बरं वाटणं जुनं होतं. तो पुण्यात एका पेठेत वाढला. दहा बाय बाराची खोली आणि त्यात आठ माणसं. रात्री अंथरुणं पडली की पाय ठेवायला जमीन दिसत नसे. त्यातली खिडकीखालची जागा त्याची होती. भावाचा गुडघा पोटात रुतला तरी तोंड खिडकीकडे केलं की हवा लागायची. तो नऊ वर्षांचा असताना मावशी वारली आणि तिचा मुलगा कुशाबा त्यांच्याकडे आला. आईनं कुणाला काही विचारलं नाही. त्या दिवशी तिनं अंथरुणं थोडी सरकवली आणि खिडकीखाली कुशाबाची वाकळ घातली, कारण पोर नवीन आहे, घाबरेल, त्याला हवा लागू दे. वाल्मीक संडासाच्या बाजूच्या भिंतीशी गेला. वर्षभर तो कुशाबाशी बोलला नाही. एका खोलीत, एका ताटात जेवून, वर्षभर नाही. त्याला आठवलं, एकदा कुशाबानं त्याला भोवरा देऊ केला होता. तळहातावर ठेवून हात पुढं धरला होता. वाल्मीकनं त्या हाताकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि हात बराच वेळ तसाच राहिला. मग कुशाबाचे चुलते आले आणि त्याला घेऊन गेले. त्या रात्री वाल्मीकला खिडकीखालची जागा परत मिळाली. हवा लागत होती. भावंडं कुशीवर वळत होती. त्याला वाटलं होतं, आता छान झोप लागेल.

पुढं कुशाबाचं काय झालं ते कुणालाच नीट कळलं नाही. आईनंही पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही, पण मरायच्या आधी काही दिवस ती वाल्मीकला कुशा म्हणून हाक मारायची. त्याला वाटायचं, तापात नावं उलटसुलट होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धरणावर गेला तेव्हा पाणी भिंतीशी निवांत होतं. पावसाळा सरून महिना झाला होता, पातळी रोज बोटभर उतरत होती. गेणबा पहारेकरी काठाशी विडी ओढत बसला होता. वाल्मीकनं आकडा वाचला, लिहिला, आणि वही मिटवता मिटवता त्याला उगाच विचारलं की, उन्हाळ्यात ओढ्याच्या डबक्यात किती मासे तगतात. एवढ्याशा डबक्यात, अठरा इंच बाय दहा. गेणबानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. साहेबाची टाकी वाल्मीककडे गेली आहे हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं.

‘‘मोजून कोन ठेवतंय?’’ गेणबा म्हणाला. ‘‘चैतात बघा, वंजळीयेवढ्या पान्यात ढिगानं ऱ्हात्यात मळं मासं. दाटीनं न्हाई मरत मासं. पानी नासलं की मरत्यात.’’

एवढं बोलून तो उठून पलीकडच्या टोकाला गेला. वाल्मीक कठड्याला टेकून उभा राहिला. हे म्हाताऱ्याच्या सांगण्याच्या विरुद्ध होतं की त्यालाच धरून होतं, याचा तो विचार करू लागला, कारण तसा विचार करणं सोपं होतं. मग तोही विचार सुटला. त्याला घर दिसलं. स्वच्छ, नीटनेटकं, दोन माणसांचं. चतकोर जागा कुणाच्या अंगाखाली नाही. आणि त्या घरात लीला गावाहून आल्यानंतरचा तो एक दिवस, वर्षातून सहा-सात वेळा. तिचं भांडी न वाजवता वावरणं. त्यानं न मागितलेलं मीठ. पोरगी आली तर कुठं झोपेल याचा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. त्याला भीती होती ती वेगळीच. ती पोर घरात हिंडेल आणि तिच्या हसण्यात, वळण्यात, हात धरण्यात तो विळा लागून मेलेला माणूस रोज दिसेल. लीलाला दिसेल. आणि लीला तेव्हा कुणाकडे बघत असेल हे वाल्मीकला कळणार नाही. बस्स, एवढंच होतं. दोन वर्षं तो त्याला दोन खोल्या म्हणत होता. हे त्यानं स्वतःशी शब्दांत मांडलं तेव्हा त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली थोडा हलकेपणाही वाटला, आणि त्या हलकेपणाची पुन्हा लाज वाटली.

रविवारी तो मासे आणायला पुण्याला निघाला. लीलानं तुपाचा रिकामा डबा घासूनपुसून ठेवला होता, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, शेवटी किती आणायचे ठरले? तो म्हणाला, चार. ती बरं म्हणाली. तवा उतरवतानाच्या त्या बोलण्यानंतर तिनं जयाचं नाव पुन्हा काढलं नव्हतं. तो डबा घेऊन एसटीत बसला. पुण्याचं तिकीट काढलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातं कापून पडली होती, काही ठिकाणी झोडणी चालू होती. त्यानं पक्कं असं काही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर लीलाला सांगावं लागलं असतं, आणि सांगून मग आपण मोकळ्या हातानं परत येऊ, याची त्याला खात्री होती. स्वतःला तो तेवढा ओळखत होता. पौडला गाडी थांबली. लोक उतरले, चढले. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली आणि वाल्मीक एकदम उठला. कंडक्टर म्हणाला, तुमचं तिकीट पुण्याचं आहे. वाल्मीक हो म्हणाला आणि उतरला. कोळवणची गाडी तासाभरानं होती, तेवढा वेळ तो डबा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला.

चंद्राबाई, त्याची सासू, खळ्यात होती. जावयाला असं न कळवता आलेलं पाहून ती पदर सावरत उठली आणि तिनं पहिलं विचारलं ते लीला बरी आहे ना. त्यानं बरी आहे म्हणून सांगितलं. मग तिनं त्याला घरी नेलं, पाणी दिलं, चहा टाकला. मेव्हणा शेतावर होता. वाल्मीक चहा प्याला, कप खाली ठेवला आणि म्हणाला की, जयाला न्यायला आलो आहे.

‘‘लीलीनं धाडलं का?’’ चंद्राबाईनं विचारलं.

‘‘नाही. तिला माहीत नाही.’’

किती दिवसांसाठी, असं चंद्राबाईनं विचारलं. तो म्हणाला, कायमचं. शाळा वसाहतीजवळच आहे, ते मी बघेन. तिनं मान हलवली. ती खुश होईल असं त्याला वाटलं होतं, निदान तिचं ओझं उतरेल असं. पण ती उठून आत गेली आणि भांड्यांची उगाच हलवाहलव ऐकू येत राहिली. ती पोर गेली दोन वर्षं तिच्या कुशीत झोपत होती, हे वाल्मीकच्या तेव्हा ध्यानात आलं. इकडून तिकडं उचलून न्यायची एक वस्तू असंच त्यानं तिला धरलं होतं, आणि इथं तिच्याभोवती एक सबंध घर वाढलेलं होतं. चंद्राबाई बाहेर आली ती गाठोडं घेऊनच. ‘‘म्हातारपनी मानूस सवय लावून घेतं जावईबापू,’’ एवढंच म्हणाली. ‘‘तिला बेसन सोसत न्हाई.’’

जया सात वर्षांची झाली होती, लांबट, दोन वेण्यांची. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. आईपाशी जायचं का, असं तिनं आजीला दोनदा विचारलं. मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. झाकणाला भोकं का, म्हणून तिनं विचारलं, तेही आजीला. वाल्मीकनं उत्तर दिलं. त्यानं टाकीबद्दल सांगितलं, काचेची, एवढी लांब, एवढी रुंद, हातांनी दाखवलं. पाण्याच्या तोंडाचं सांगितलं, वीस चौरस इंचांचं सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. ती नीट ऐकत होती. नऊ इंच, त्यातले दोन राखून, म्हणून चार मासे, इथवर तो आला.

‘‘आन् त्यास्नी पिल्लं झाली मंग?’’ तिनं विचारलं.

वाल्मीक थांबला. मॉलीला पिल्लं होतात, ढीगभर होतात, हे म्हातारा म्हणाला होता आणि आठ दिवसांच्या हिशेबात ते कुठंच आलं नव्हतं. तो म्हणाला, तेव्हा बघू. पुढं खरंच ते बघावं लागलं. मागाहून आणलेल्या चारांचे दोन महिन्यांनी सव्वीस झाले, त्यातले बरेच गेले, अकरा तगले. रोज सकाळी वाटीनं जुनं पाणी काढून ताजं घालायचं काम जया करू लागली, आणि अकरा मासे त्या अठरा बाय दहात वर्षभर नीट राहिले. पण ते नंतरचं. त्या दिवशी तो नुसतं ‘तेव्हा बघू’ म्हणाला आणि गाठोडं उचलून उठला, कारण गाडीची वेळ झाली होती.

चंद्राबाई बांधापर्यंत आली आणि तिथंच थांबली. मुलगी तिच्या पाया पडली. मग दोघं निघाले. सडकेला लागायला मैलभर चालायचं होतं, कापलेल्या भातखाचरांतून, एका माणसापुरत्या बांधावरून. वाल्मीक पुढं, जया मागं. त्याच्या एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात डबा. मागून तिच्या पावलांचा आवाज येत होता. काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं. शाळेत काय काय शिकलीस, असलं काही. पण मान न वळवता बोलणं बरं दिसणार नाही आणि बांध अरुंद होता. तो घरी पोचल्यावरचा विचार करू लागला, लीलाच्या तोंडाचा विचार करू लागला. दारात आपण दोघं उभी राहिलेली पाहून ती काय म्हणेल. की काहीच म्हणणार नाही. चालता चालता ओढा आला. दगडांवर पाय देत तो पलीकडं गेला आणि तिला हात द्यायला वळला, तर मागं कुणी नव्हतं.

ती दूर होती. दोन खाचरं मागं, बांधावर, एका पायावर उभी. त्याच्याकडे बघत.

त्यानं गाठोडं आणि डबा तिथंच टाकला आणि तो धावत मागं गेला. तिच्या टाचेत बाभळीचा काटा खोल मोडला होता. डोळ्यांत पाणी होतं पण ते खाली आलं नव्हतं. त्यानं तिला बांधावर बसवलं, टाच मांडीवर घेतली. दुसऱ्या एका काट्यानं भोवतालची कातडी उकरून हळूहळू मोडलेला काटा वर आणला आणि नखांत धरून उपसला. तिनं आवाज केला नाही. रक्ताचा थेंब आला तो त्यानं अंगठ्यानं दाबून धरला.

‘‘इतका वेळ उभी होतीस?’’ तो म्हणाला. ‘‘हाक का नाही मारलीस?’’

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या आपल्या पायाकडे पाहिलं.

‘‘काय म्हनून मारू?’’

वाल्मीकला काय म्हणायचं, हे दोन वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची कुणाला गरज पडली नव्हती. एक शब्द त्याच्या ओठांवर आला. तो मागून घ्यायचा नसतो, एवढं त्याला कळलं, आणि तो त्यानं गिळला. सडकेवर लांबून गाडीचा आवाज येत होता. त्यानं तिला उभं केलं, पाय टेकवून बघ म्हणाला. तिनं टेकवला.

‘‘तू पुढं चाल,’’ तो म्हणाला. ‘‘मी मागून येतो. म्हणजे हाक मारायला नको.’’

ती त्याच्या अंगाला घासून बांधावरून पुढं झाली आणि लंगडत चालू लागली. तो तिच्या मागं, तिच्या पावलाला पाऊल देत, सावकाश. दहा-बारा पावलं झाली की ती मान वळवून तो येतोय ना ते बघे, आणि पुन्हा चालू लागे.